आत कोणी हाये काय?

१

खदानीत बार उडायचा तो जेवणाच्या सुट्टीत. सकाळभर भोकं पाडून झालेली असायची. किशोर ती भरायचा. आधी सुरुंगाची कांडी, कांडीत टोपी, टोपीला वात, आणि वरून ओली माती न् मुरूम. माती ठासायची ती लाकडी दांड्यानं, लेकराला थोपटावं तितक्याच जोरानं. लोखंडाचा गज भोकाच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही. मग क्रशर थांबायचा. सकाळपासून कानात भरलेली खडखड गेली की बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या मोटारसायकलीसुद्धा ऐकू यायला लागायच्या.

सुगतचं काम तेव्हा सुरू व्हायचं. माणसं वर आली का बघायचं, रस्त्यावर दोर बांधायचा, लाल झेंडी घेऊन दांडीचा भोंगा फिरवायचा, आणि टाकीत येऊन बसायचं. टाकी म्हणजे डिझेलच्या जुन्या टँकरचा अर्धा तुकडा. खदानीच्या काठावर आडवा टाकून त्याच्यावर दगड रचलेले. समोर वीतभर रुंदीची फट, तिच्यातून खदान दिसायची. उन्हाळ्यात आत तवा तापलेला असायचा, आणि कोणी खोकललं तरी लोखंड बराच वेळ घुमायचं.

भोंग्यानंतर, वाती पेटवायच्या आधी, काठावर उभं राहून तीनदा हाळी द्यायची: "आत कोणी हाये काय?" ही रीत कायद्यात नाही. ती सुगतच्या मोठ्या भावानं, संघपालनं, पाडली होती. संघपाल या खदानीचा बार उडवणारा होता. तो म्हणायचा, भोंग्याले कोणी उत्तर देत नाई, माणसाले देते. दगडाआड कोणी झोपलं असलं, कोणी परसाकडे बसलं असलं, तरी माणसाची हाक ऐकून ओ देईल. आणि आतून ओ आली तर त्या दिवशी बार उडवायचा नाही, मग सेठ स्वतः येऊन उभा राहिला तरी.

संघपाल थंडीच्या दिवसांत याच खदानीत गेला. त्यानंतर खदान बंद होती, चौकशी झाली, माणसं आली, फोटो काढून गेली. चैत्रात काम पुन्हा सुरू झालं. संघपालच्या जागी बडनेऱ्याचा किशोर आला, आणि सुगतनं जठारपेठेतलं गाड्या धुण्याचं काम सोडून मुकादम शेषरावाच्या हातापाया पडून झेंडीचं काम घेतलं. सगळ्यांना वाटलं, पोराला घर चालवायचं आहे. सुगतला एकच गोष्ट हवी होती. दादा आत का गेला, ते त्याला कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी किशोरनं काठावरून हाळी दिली. समोरची कडा काळी, सरळ कापलेली. लहानपणी सुगत इथं यायचा तेव्हा प्रत्येक हाक ती कडा जशीच्या तशी परत फेकायची. दादा हसायचा, म्हणायचा, पाह्य, पलीकडूनही इचारून राह्यले.

किशोरची हाक गेली, आणि परत आली नाही.

विहिरीत धोंडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. किशोरनं दुसरी हाक दिली, तिसरी दिली. खदान गप्प. किशोर नवा होता, त्याला काही वाटलं नाही. सुगतनं शेषरावाकडे पाहिलं. शेषराव तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा तेवढा थांबला होता.

किशोर खाली गेला, वाती पेटवून चालत वर आला. सहा भोकं भरली होती, सहा बार झाले. धूर बसल्यावर किशोर एकटा खाली उतरला, एकेक भोक बघितलं आणि हाळी दिली, "मोकळं हाये, या."

ती हाक मात्र नीट घुमून परत आली.

२

घर खदानीच्या मागच्या अंगाला, वस्तीच्या टोकाला. मधून एक पायवाट होती, खदानीच्या उतारावरून निघून घराच्या मागच्या दाराशी येणारी. ती संघपालनंच चालून चालून पाडली होती. आता सुगत तिच्यावरून जायचा-यायचा. रस्त्यावर तो दोर बांधायचा, पण त्या वाटेवर कधी बांधला नाही. तिथून घरच्यांशिवाय येतं कोण?

घरी आई, मनकर्णाबाई, आणि वहिनी माया. आई दिवसभर दारात बसलेली असे आणि कोणी आलं की पदर सारखा करी. माया फारसं बोलत नसे. सकाळी डबा देताना ती एकच गोष्ट विचारायची, "आज किती?"

ती संघपालची सवय होती. निघताना तो आज किती भोकं भरायची ते तिला सांगायचा. दुपारी ती भाकरी थापता थापता बार मोजायची. सगळे मोजून झाले की चुलीतलं लाकूड मागं ओढायची आणि त्याची वाट बघायची. एखादा कमी झाला तर तिला माहीत असायचं की कुठलंतरी भोक बसलं आहे, न उडता राहिलं आहे, आता अर्धा तास कोणी आत जाणार नाही, आणि जेवण तितकंच उशिरा. बसलेल्या भोकाला हात लावायचा नाही, त्याची माती उकरायची नाही, वात ओढायची नाही. अर्धा तास टाकीत बसायचं, मग शेजारी दुसरं भोक पाडायचं. हे तिला संघपालइतकंच पाठ होतं.

तो गेला त्या दिवशी एक बार कमी झाला होता. मायानं तवा खाली उतरवून ठेवला. भात निवेल म्हणून झाकला. आणि अर्धा तास व्हायच्या कितीतरी आधी राहिलेला बार उडाला.

"लवकर उडाला," एवढंच ती त्या दिवसाबद्दल बोलायची.

लोक म्हणत, घाई केली. चौकशीवाल्यांनी तेच लिहिलं. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी एका चुलतमामानं जेवता जेवता 'घाई नडली' म्हटलं, तेव्हा सुगतनं त्याच्या पुढचं ताट उचलून अंगणात फेकलं होतं. वरण मामाच्या सदऱ्यावर, भात कुत्र्यापुढं. चार माणसांनी धरलं म्हणून पुढचं टळलं. दादाला आणि घाई? जो माणूस एस्टी पूर्ण थांबल्याशिवाय सीटवरून उठत नव्हता, तो? वाती पेटवल्यावर बाकीचे पळायचे, संघपाल चालत यायचा. पयणारा पडते, म्हणायचा. पडला का मंग मेला.

मायालाही त्यानं शिकवून ठेवलं होतं. खदानीच्या अंगानं कधी यावं लागलं आणि काय चाललं आहे ते उमगलं नाही, तर पुढं जायचं नाही, मागं पळायचं नाही. जिथं आहे तिथंच दगडाच्या आडोशाला बसायचं, डोकं झाकून. अंगणात उभा राहून तो पालथा पंजा हळूच खाली दाबून दाखवायचा. बस. ती हसायची आणि मोरीजवळ बसून दाखवायची.

"आज किती?" मायानं विचारलं.

"पाच," सुगत म्हणाला.

त्याच्या मनगटावर दादाचं घड्याळ होतं. काच तडकलेली, पण चालू.

३

दुसऱ्या खेपेलाही हाक परत आली नाही. सुगत मनाशी म्हणाला, कडा बदलली असेल. पाच महिने दगड पडत राहिले, पावसाचं एखादं झोडपणं झालं, कापलेला भाग पुढं-मागं सरकला असेल. शाळा त्यानं आठवीत सोडली होती, पण आवाज भिंतीवर आपटून परत येतो एवढं त्याला कळत होतं. भिंत वाकडी झाली तर आवाज दुसरीकडे जाईल. साधी गोष्ट.

पाचही बार झाले. टाकीत तिघं बसले होते. उन्हानं लोखंड तडतडत होतं. फटीतून पिवळट धूर दिसत होता, तो कुठं जायला तयार नव्हता. किशोरनं बाटलीतलं पाणी मानेवर ओतलं आणि उठायला लागला.

तेव्हा खालून हाक आली.

"आत कोणी हाये काय?"

तिघंही जागच्या जागी थांबले. मग किशोर हसला. "डोंगर म्हातारा झाला काका," तो शेषरावाला म्हणाला. "त्याले उशिरा ऐकू येते."

शेषराव हसला नाही. सुगतनं फटीकडे कान केला. किशोर हाळी द्यायचा ती लांबवून, 'आऽऽत' असं ओढून. खालून आलेली हाक आखूड होती, कुऱ्हाडीनं फांदी छाटावी तशी. तशी हाळी या खदानीत एकच माणूस द्यायचा.

आणि दुसरी गोष्ट सुगतच्या ध्यानात आली ती जरा वेळानं, जेवताना. आत कोण आहे हे विचारायचं असतं ते वरून, खाली. खालून कोणी का विचारावं? तिथून बघितलं तर आत कोण होतं? ती टाकी, आणि टाकीत बसलेले ते तिघं.

जेवण टाकून तो उठला आणि काठावर जाऊन ओरडला. आवाज लगेच परत आला, स्वच्छ, जसा लहानपणी यायचा. त्यानं पुन्हा ओरडून पाहिलं. पुन्हा आला. भिंत जागच्या जागी होती, वाकडी-तिकडी काही नव्हती.

हे जास्त वाईट होतं.

४

शेषराव त्याला टाळायचा. काम सांगायचा ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि समोर आला तर नजर जमिनीवर. सुगतला आधी वाटायचं, म्हाताऱ्याला लाज वाटत असेल, त्याच्या देखत माणूस गेला. त्या दुपारनंतर सुगतला राहवलं नाही. क्रशरमागच्या बाभळीखाली शेषराव एकटा सापडला तेव्हा तो समोर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी टाकीत दादाबरोबर तुम्हीच होते, तो म्हणाला, तुम्हाला माहीत आहे तो का गेला.

शेषरावानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली. मग त्यानं उलट विचारलं, "त्या दिवशी तू खदानीत आलता काय?"

सुगतला कळलंच नाही. "कोण? मी?"

"खरं सांग. तुले काई म्हणत नाई मी."

"मी जठारपेठेत होतो. गाड्या धुऊन राह्यलो होतो. तिथं फोन आला मले."

"मले बी माहीत हाये," शेषराव म्हणाला. "मी संध्याकायी तुया मालकाले इचारलं. तो म्हणे पोट्टा सकायपासून इथंच हाये." त्यानं तंबाखू थुंकली. "म्हणून तर कोणाले सांगितलं नाई. सांगू तरी काय?"

सुगतनं त्याची कॉलर धरली. केव्हा धरली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. शेषरावानं सोडवायचा प्रयत्न केला नाही. तसाच, कॉलर धरलेला, तो सांगत गेला.

एक भोक बसलं होतं. संघपाल घड्याळ बघत टाकीत बसला होता, मुलीच्या लग्नाचं कसं काय ते शेषरावाला विचारत होता. तेवढ्यात खालून हाक आली. दादा. संघपालनं मान वर केली. पुन्हा हाक आली. दादा, माहा पाय दबला. संघपाल म्हणाला, हा सुग्या आत कसा गेला? आणि उठला.

"चालत गेला?" सुगतनं विचारलं.

"पयत गेला."

सुगतच्या हातातली कॉलर सुटली.

"मी म्हणलं, संघपाल, भोक बसलं हाये. त्यानं ऐकलं नाई. मी बी उठलो होतो बापू. मले बी ऐकू आलं होतं ना. तो तुहाच आवाज होता. माणसाचा आवाज मी वयखतो, एवढी हयात गेली माही हजेरी घेण्यात."

बाभळीवर एक होला घुमत होता. क्रशर सुरू झाला आणि तोही ऐकू येईनासा झाला.

५

सुगतच्या पोटात गोष्ट राहत नसे. रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच त्यानं मायाला सगळं सांगितलं. आई दारात होती, तिला ऐकू जाणार नाही इतपत आवाजात.

माया कांदा चिरत होती. तिनं विळी आडवी केली.

"पयाले?"

"हो."

तिनं पदरानं डोळे पुसले, कांद्यानं पाणी आलं असेल. पाच महिने ती दादावर रागावलेली होती, हे सुगतला तेव्हा समजलं. आपल्याला सोडून, विचार न करता, घाईनं गेला म्हणून. ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

मग ती म्हणाली, उद्यापासून तिकडे जायचं नाही. सुगत म्हणाला, जाणार. तिनं विचारलं, काहून. तर हा म्हणाला, "दादा तिथं हाये. मी त्याची हाळी आयकली."

"तिथं तुमचे दादा नाईत, भाऊजी," माया म्हणाली. "तुमीच अग्नी दिला ना चितेले. आता तिथं जे हाये ते त्याईचा आवाज घेऊन बसलं हाये. आधी तुमचा घेतला होता. समजत नाई काय तुमाले?"

सुगतला समजत होतं. तेच तर सोसत नव्हतं. तो तिला नको ते बोलला, तुझा जीवच नव्हता त्याच्यावर, असलं काहीतरी. माया पुन्हा कांदा चिरायला लागली. सकाळी तिनं डबा भरून उंबऱ्याशी ठेवला होता. त्यानं तो उचलला नाही. तोंड न धुता, पायवाटेनं, तरातरा निघून गेला.

आज किती, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

६

सहा भोकं होती.

किशोरनं हाळी दिली, खदान गप्प राहिली. आता किशोरलाही ते जाणवायला लागलं होतं. तिसरी हाक देताना त्यानं शेवटचा शब्द अर्ध्यात तोडला. वाती पेटवून तो वर आला तो चालतच, पण फार भराभर.

टाकीत तिघांनीही बोटांवर मोजायला घेतलं. एक, दोन, तीन, चार. दगडांचा पाऊस टाकीवर वाजला. पाच. मग वाट बघितली.

सहावा झाला नाही.

"बसलं," किशोर म्हणाला. त्यानं कपाळाचा घाम पुसला. "अर्धा तास. कोणी हलायचं नाई."

सुगतनं दादाचं घड्याळ पाहिलं. फटीतून धूर पांगत होता. फोडलेल्या दगडांचे ढीग, त्यांच्या कडा निळ्या-काळ्या, उन्हात ओल्या असल्यासारख्या चमकणाऱ्या. कुठंही काही हलत नव्हतं. किशोरनं उगाच बोलायला सुरुवात केली, बडनेऱ्याला गेल्या उन्हाळ्यात किती तापलं होतं ते. बोलता बोलता तो मधेच थांबला.

"मोकळं हाये, या."

खालून. आखूड, छाटलेली हाक.

किशोर फटीपासून मागं सरकला. त्यानं संघपालला कधी पाहिलंही नव्हतं, पण खाली कोणी गेलेलं नाही हे त्याला माहीत होतं. शेषरावानं सुगतचं मनगट धरलं, घड्याळासकट. म्हाताऱ्याच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"मोकळं हाये रे. ये ना सुग्या."

सुगतचे पाय आपोआप ताठ झाले. पाच महिने तो या एका आवाजासाठी झोपेतून उठून बसत होता. फोनमध्ये दादाचा एक जुना निरोप होता, 'येताना टमाटे आण' एवढाच, तो त्यानं शंभरदा ऐकला होता. आणि आता तो आवाज पन्नास पावलांवर त्याला नावानं बोलावत होता. त्यानं दात आवळले. दादा भोक बसलेलं असताना मोकळं म्हणणार नाही. दादा म्हणणार नाही. हे तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि डोळ्यातून पाणी गळत राहिलं, आणि तो बसून राहिला.

खालचा आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. शेषरावाची पकड जरा सैल झाली.

मग खालून दुसरा आवाज आला. मोठा, मोकळा, घाईत असलेल्या माणसाचा.

"वैनी, इकडूनच ये. डबा आणला काय?"

सुगतला पहिल्यांदा तो ओळखू आला नाही. आपला आवाज आपल्याला असा बाहेरून कुठं ऐकू येतो? किशोरनं वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा त्याला कळलं.

त्यानं फटीला डोळा लावला. समोरच्या उतारावर, पायवाटेनं, माया खाली येत होती. उन्हासाठी डोक्यावरून पदर घेतलेला, हातात डबा. बार थांबले म्हणून निघाली असणार. किती व्हायचे होते ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती खाली बघून काहीतरी बोलत होती. आली, आली, असं.

सुगत शेषरावाचा हात झिडकारून टाकीबाहेर पडला. "वैनी," तो ओरडायला गेला.

त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत तो खालून आला. "वैनी."

"थांब, मी इकडं हाये," सुगत ओरडला. पण ते खाली आधीच म्हणून झालं होतं. थांब, मी इकडं हाये. त्याच्याच घशातून काढून घेतल्यासारखं, अर्ध्या श्वासानं आधी. माया थबकली. तिनं काठाकडे पाहिलं, ऊन तिच्या डोळ्यावर होतं. मग खाली पाहिलं. मग पुन्हा एक पाऊल खाली टाकलं.

सुगतनं तोंड मिटलं. दोन्ही ओठ दातांखाली धरले. जे बोलेल ते खाली जाणार होतं. टाकीला टेकवलेली झेंडी त्यानं उचलली आणि डोक्यावर धरून हलवायला लागला, वेड्यासारखी, काठी वाकेस्तोवर.

त्याचं तोंड बंद होतं. आणि खाली सुगत हाका मारत होता. वैनी, ये ना. वैनी, माहा पाय दबला.

माया उतारावर मधोमध उभी होती. ती खाली एकटक बघत होती, दगडांच्या ढिगाकडे, जिथं सुगतला काही दिसत नव्हतं. तिच्या हातातून डबा सुटला आणि ठणठण वाजत खाली गेला.

मग ती एका मोठ्या दगडाआड खाली बसली. डोकं गुडघ्यात घालून, वर दोन्ही हात.

सहावं भोक उडालं.

७

धूळ बसल्यावर ती स्वतःच चढून, काठाकाठानं फिरून टाकीशी आली. कपाळावर खरचटलं होतं, तेवढंच. सुगतनं तिला हाताला धरून आत बसवलं, किशोरनं पाणी दिलं. सुगतला बोलायचीच भीती वाटत होती.

शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं झेंडी दिसली तुले."

"कोणती झेंडी?" माया म्हणाली.

तिनं दोन घोट पाणी घेतलं.

"वर ऊन होतं. मले वरचं काईच दिसलं नाई. खाली तुमी होते. पाठमोरे, दगडाआड वाकलेले. हाका मारून राह्यले होते, पण माह्याकडं तोंड करत नव्हते."

"मंग बसली काहून?"

मायानं बाटली खाली ठेवली. पालथा पंजा समोर धरला आणि हळूच खाली दाबला.

"त्याच्या मागं हे उभे होते," ती म्हणाली. "त्याईनं सांगितलं, बस."

लोखंड तडतडत होतं. शेषरावानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. किशोरला आता खाली जाऊन भोकं बघायची होती, ते त्याचं काम होतं. तो उठला नाही.

थोड्या वेळानं खालून डब्याचं झाकण वाजलं. आणि मग हाळी आली, आखूड, छाटलेली.

"मोकळं हाये. या."

आवाज दादाचाच होता. पण खाली आता दोघं होते, आणि हाक कोणी दिली ते सुगतला वरून कळणार नव्हतं.